लोडर-बॅकहोवाला छोटा ट्रॅक्टर घेताय? आधी वजनाचा हिशोब मांडा

ट्रॅक्टर घेतोय म्हणून बाबांना फोन केला तर पहिला प्रश्न आला, "अरे पण तिथं नांगरणार काय आहेस तू?" प्रश्न बरोबरच होता. आमच्याकडे बार्शीला ट्रॅक्टर म्हणजे ४५-५० एचपीचा, मागे नांगर नाहीतर रोटाव्हेटर, सीझनला ट्रॉली, आणि खणायचं काही असलं की जेसीबीवाल्याला फोन, तो तासाच्या बोलीवर येणार आणि चहा पिऊन जाणार. इथे अमेरिकेत, व्हर्जिनियात ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी सहा एकर जागा घेतली तेव्हा कळलं की नांगरायचं काहीच नाहीये पण उचलायचं, ओढायचं, खणायचं, पसरायचं काम संपतच नाही, आणि माणूस बोलावला तर तो तीन आठवड्यांनी येतो आणि अर्ध्या दिवसाचे एवढे पैसे मागतो की आपणच मशीन घ्यावं असं वाटायला लागतं.

गेल्या दोन वर्षांत इकडे शहर सोडून ५-१० एकर घेतलेल्या चार-पाच मराठी मित्रांनी मला हेच विचारलं, कुठला ट्रॅक्टर घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, चुका करून शिकलोय, त्यातली एक चुकी खाली सांगितलीये ती नीट वाचा.

आधी डोक्यातला जेसीबी काढून टाका

आपल्याकडच्या माणसाची गडबड इथेच होते. पुढे बकेट, म्हणजे लोडर, मागे खणायचा हात, म्हणजे बॅकहो, मग हा छोटा जेसीबीच की. दिसायला हो. पण गावाकडे दिसतो तो जेसीबी साडेसात-आठ टनांचा असतो आणि १५ फुटांच्या आसपास खोल खणतो. कुबोटा बीएक्स२३एस किंवा जॉन डिअर १०२५आर सारखा सब-कॉम्पॅक्ट, म्हणजे सगळ्यात छोट्या वर्गातला ट्रॅक्टर लोडर-बॅकहो लावून सगळा मिळून ३००० पौंडांच्या आसपास भरतो, म्हणजे सव्वा-दीड टन, आणि खणतो सहा-साडेसहा फूट. वजन सहा पट कमी म्हणजे कामही त्याच हिशोबाने होणार. जेसीबी ज्या झाडाचा बुंधा दहा मिनिटांत उपटून बाजूला टाकतो त्याला माझ्या मशीनने अख्खा शनिवार खाल्लाय. तो खेळणं नाहीये, फक्त अपेक्षा जमिनीवर ठेवा.

मग कामांची यादी, आणि प्रत्येक कामापुढे वजन

शोरूममध्ये जायच्या आधी वही घ्या. पुढच्या तीन वर्षांत काय काय करायचंय ते लिहा आणि पुढे दोनच गोष्टी लिहा, किती वजन आणि वर्षातून किती वेळा. एचपी लिहू नका, एचपीने फारसा फरक पडत नाही हे पुढे सांगतो.

माझ्या यादीतलं एकच काम घेऊ. ड्राइव्हवे ४०० फूट लांब, मातीवर खडी टाकलेली, दरवर्षी पावसाने वाहून जाते. खडीचा ट्रक आला १५ टनांचा. इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे ३०,००० पौंड खडी घराच्या कोपऱ्यावर ढीग करून गेला. खडी साधारण १०० पौंड घनफुटाला. सब-कॉम्पॅक्टची ४ फुटी बकेट ५-६ घनफूट घेते, म्हणजे एका खेपेला ५००-६०० पौंड. ५० ते ६० खेपा. एका खेपेला जाऊन येऊन ४ मिनिटं धरा, चार तासांचं काम झालं, वर्षातून एकदा. चालतंय की. आता हेच काम एखाद्याकडे दर महिन्याला असेल, किंवा खडीऐवजी गवताचे मोठे गोल गठ्ठे उचलायचे असतील, जे एकेक ८००-१००० पौंडांचे असतात, तर सब-कॉम्पॅक्ट विसरा, तो उचलणारच नाही, मागची चाकं हवेत जातील. तुम्हाला पुढची साइज लागणार.

असं प्रत्येक कामाचं करा. ओल्या मातीची बकेट खडीपेक्षा जड होते. मल्च, म्हणजे झाडांभोवती पसरायचा लाकडाचा चुरा, एकदम हलका. सामानाचं पॅलेट (ज्या लाकडी चौकटीवर सामान रचून येतं ती) उतरवायचं असेल तर पॅलेटवर काय आहे बघा, सिमेंटच्या पोत्यांचं अख्खं पॅलेट हे मशीन कधीच उचलणार नाही, निम्मी पोती हाताने उतरवूनसुद्धा नाही.

साइज ठरवायची

ढोबळ तीन वर्ग धरा. सब-कॉम्पॅक्ट, २०-२५ एचपी, छोटी चाकं, २-५ एकर, गवत कापायचं डेकही पोटाखाली बसतं. मग कॉम्पॅक्ट, २५ ते ४० एचपी, वजन जवळजवळ दुप्पट, लोडरही त्याच प्रमाणात दमदार. त्यापुढचं मोठं, ते ज्यांना लागतं त्यांना हा लेख लागत नाही.

इथे २५ एचपीची गोष्ट समजून घ्या, कारण सेल्समन ती स्वतःहून सांगत नाही. अमेरिकेच्या प्रदूषण नियमांप्रमाणे २०१३ पासून २५ एचपीच्या वरच्या डिझेल इंजिनांना धुरातल्या काजळीची मर्यादा फार कडक झाली, म्हणून त्यांच्यात सहसा काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. तो भरला की इंजिन तापवून काजळी जाळतं, त्याला रीजन म्हणतात, ते चालू असताना मध्येच बंद करायचं नसतं, आणि फिल्टर खराब झाला तर खर्च मोठा. म्हणून कंपन्यांनी मुद्दाम २४ पॉइंट काहीतरी एचपीचे मोठ्या अंगाचे ट्रॅक्टर काढले. कुबोटा एल२५०१ त्यातलाच. अंगाने कॉम्पॅक्ट, इंजिन २५ च्या खाली, फिल्टर नाही. लोडर आणि बॅकहोचं काम हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर, आणि वजनावर चालतं त्यामुळे इंजिन थोडं लहान असलं तरी तिथे जाणवत नाही. मागे रोटाव्हेटर किंवा मोठा मोवर चालवायचा असेल, चढावर, तेव्हा जाणवतं. माझं मत विचाराल तर आमच्यासारख्या लोकांसाठी हाच सगळ्यात शहाणपणाचा गट आहे, आणि मी स्वतः तो घेतला नाही, सब-कॉम्पॅक्ट घेतला, कारण गॅरेजच्या दारातून आत जायला पाहिजे होता. तुम्हीही दार मोजा. डोक्यावरची लोखंडी कमान दुमडून आणि न दुमडता, दोन्ही मापं घ्या.

लोडरचा आकडा कसा वाचायचा

ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, उचलायची क्षमता अमुक पौंड. उदाहरणार्थ बीएक्स२३एसच्या लोडरला साधारण ७४० पौंड लिहिलंय. हा आकडा बहुतेक वेळा बकेट जिथे पिनने अडकते त्या पिनेवर मोजलेला असतो. पण वजन काय पिनेला लटकत नाही, ते पुढे बकेटमध्ये असतं. हात लांब करून पाण्याची बादली उचलून बघा, जवळ धरल्यावर आणि लांब धरल्यावर काय फरक पडतो, तेच. म्हणून बारीक अक्षरात दुसरा आकडा शोधा, पिनेपासून ५०० मिलिमीटर पुढे, तो बराच कमी असतो, आणि तुमच्या कामाचा तोच. त्यातून बकेटचं स्वतःचं वजन वजा करा. पॅलेट फोर्क (पॅलेटखाली घालायचे दोन लांब दाते) लावले तर त्यांचंही. पूर्ण उंचीवरचा आकडा सगळ्यात कमी असतो, जमिनीपासून फूटभर वर न्यायचं असेल तर जास्त उचलतो, म्हणूनच माझी भरलेली खडीची बकेट खालूनच फिरते. ट्रकच्या हौद्यात भरायची असेल तर उंचीही बघून घ्या, सब-कॉम्पॅक्टची कमी पडते.

दुसरं म्हणजे बकेट बदलायची पद्धत. स्किड-स्टीअर नावाच्या छोट्या लोडर मशीनवर असते ती स्टँडर्ड प्लेट असेल तर कुठल्याही कंपनीचे फोर्क, ग्रॅपल (फांद्या-ओंडके पकडायचा पंजा) बसतात, जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. जॉन डिअरची स्वतःची वेगळी पद्धत आहे, चांगली आहे, पण मग सामान त्या मापाचं शोधावं लागतं. काही छोट्या ट्रॅक्टरांवर बकेट नुसती पिनांनी बसते, दर वेळी हातोडी घेऊन ठोकत बसायला लागतं. पिनवाला घेऊच नका. फोर्क हे बकेटपेक्षा जास्त वापराल हे माझ्याकडून लिहून घ्या.

बॅकहो घ्यायचा का

सगळ्यात महाग तुकडा हाच. आमच्या भागात नवा सब-कॉम्पॅक्ट लोडर-बॅकहोसकट साधारण २५ ते ३० हजार डॉलरच्या घरात पडतो, त्यात एकट्या बॅकहोचे आठेक हजार सहज असतात. आणि मिनी-एक्सकॅव्हेटर भाड्याने घेतला तर दिवसाला तीनशे-चारशे डॉलर, तो जास्त खोल खणतो, वेगाने खणतो, चारी बाजूंनी फिरतो. आठ हजारांत वीस-पंचवीस दिवसांचं भाडं बसतं. तुमच्या यादीत खणायचे वीस दिवस आहेत का बघा. बहुतेकांच्या यादीत पहिल्या वर्षी आठ दिवस असतात, नंतर वर्षाला एक.

मी तरी घेतला. कारण माझं खणणं एका दमात होणारं नव्हतं, संध्याकाळी कॉल संपल्यावर दोन तास, रविवारी तीन तास, असं. पावसाचं पाणी घराच्या मागे साचायचं, त्याला ११० फूट चर खणून पाइप टाकायचा होता आणि उतार बघत बघत, चुकत चुकत करायचा होता, भाड्याचं मीटर चालू असताना असं काम सुचत नाही. तुमचंही असंच असेल तर घ्या. नुसतं "असावा बरं" म्हणून घेऊ नका.

घेणार असाल तर ट्रॅक्टरबरोबरच घ्या, आणि सबफ्रेमवाला. सबफ्रेम म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणारी लोखंडी चौकट, बॅकहोचा जोर तिच्यावर येतो. मागच्या तीन दांड्यांना अडकवायचे स्वस्त बॅकहोही मिळतात, पण त्या दांड्या ओढायला बनवल्यात, खणताना बॅकहो ट्रॅक्टरला वरखाली पिळतो तो सगळा जोर ट्रान्समिशनच्या बीडाच्या घरावर येतो, आणि बीड वाकत नाही, तडकतं. दोन-तीन हजार वाचवायला जाऊन ट्रॅक्टरच गेला म्हणून समजा. नंतर वेगळा बसवायचा म्हटलं तर सबफ्रेम, हायड्रॉलिकच्या जोडण्या, मजुरी, सगळं महाग पडतं.

काढ-घाल किती सोपी आहे ते डीलरच्या आवारात स्वतः करून बघा. त्याला करायला सांगू नका, तो रोज करतो. स्वतः करा, होज काढा, जॅक टेकवा, ट्रॅक्टर पुढे घ्या. माझी पहिली वेळ पाऊण तासाची होती, आता १५ मिनिटं लागतात, पण सपाट काँक्रीटवर, चिखलात सोडून आलात तर परत जुळवताना देव आठवतो.

बुंधे काढायचे असतील तर एक सांगतो, झाड कापताना जमिनीलगत कापू नका, तीन-चार फूट ठेवा. चहूबाजूंनी खणून मुळं तोडायची आणि मग त्या उभ्या खोडाला वरून ढकलायचं, तरफ मिळते.

चालवायला काय: हायड्रो की गिअर

लोडरचं काम म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा, घ्या. एका पायाने पुढे, त्याच पायाने मागे, क्लच नाही. गिअरवाला स्वस्त आणि दणकट असतो हे खरं, बाबा अजूनही म्हणतात हायड्रोवाला ट्रॅक्टर म्हणजे स्कूटी, पण ६० खेपांमध्ये क्लच दाबून बघा मग बोलू. फोर व्हील ड्राइव्ह पाहिजेच, यावर चर्चा नको.

टायर तीन-चार प्रकारचे. आर१ म्हणजे शेतातले खोल नक्षीचे, चिखलात भारी पण हिरवळ उकरतात. टर्फवाले हिरवळ जपतात आणि ओल्या उतारावर घसरतात. आर४ इंडस्ट्रियल, मधले, जाड भिंतीचे, लोडरचं वजन झेलतात. डोळे झाकून आर४.

मागचं वजन, आणि माझी चुकी

पहिल्या वर्षी खडी पसरायची म्हणून मी बॅकहो काढून ठेवला, वळायला सोपं जातं म्हणून. बकेट भरली, ओली खडी होती, ड्राइव्हवेच्या उतारावरून खाली निघालो, टू व्हीलमध्ये, कारण कुणीतरी सांगितलं होतं कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावू नये. अर्ध्या उतारावर जाणवलं की पाय काढला तरी ट्रॅक्टर थांबत नाहीये. ब्रेक दाबला, मागची चाकं लॉक झाली आणि तशीच खडीवर सरकत निघाली. समोर बायकोची गाडी. सुचलं एकच, लोडरचा दांडा पुढे ढकलला, बकेट जमिनीत रुतली, खडखडाट झाला आणि गाडीपासून दोनेक हात अलीकडे थांबलो. हात नंतर दहा मिनिटं थरथरत होते.

झालं काय ते नंतर कळलं. या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि टू व्हीलमध्ये हायड्रोचा रोधही मागच्याच चाकांना. पुढे ६०० पौंड उचलले आणि मागे काहीच नाही, म्हणजे मागची चाकं जवळजवळ हवेतच, ब्रेक कशाला लागणार? फोर व्हील लावलेलं असतं तर पुढच्या चाकांनी धरून ठेवलं असतं. तेव्हा लोडर भरलेला आणि उतार असेल तर फोर व्हील, आणि बॅकहो काढला की मागे दुसरं वजन. बॅकहो लावलेला असतो तेव्हा तोच वजनाचं काम करतो, काढला की तेवढं वजन गेलं. सिमेंट भरलेला डबा मिळतो, मागच्या तीन दांड्यांना लावायचा. शिवाय मागच्या टायरमध्ये पाणी भरून घ्या, साधं पाणी गोठतं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात पण ते रिमला गंजवतं, बीटाच्या रसाचं एक द्रावण मिळतं ते महाग पण गंजत नाही. टायर ७५ टक्के भरतात. डीलरकडूनच करून घ्या, डिलिव्हरीच्या आधी.

आणि डोक्यावरची कमान वर, पट्टा लावलेला. इथे शेतावरच्या अपघाती मृत्यूंमध्ये ट्रॅक्टर उलटणं हे सगळ्यात मोठं कारण आहे. गावाकडे ट्रॅक्टरला पट्टा लावलेला माणूस मी बघितलेला नाही, त्यामुळे सवय नसते, लावून घ्या. गॅरेजसाठी कमान दुमडली असेल तेवढ्यापुरता पट्टा काढायचा, कारण मग उलटल्यावर बांधलेला माणूस खालीच सापडतो. बाहेर आलं की कमान परत वर. बकेट नेहमी गुडघ्याच्या खाली ठेवून चालवा, आणि उतारावर आडवं जाऊ नका.

कंपनी कुठली

मंडळी यावर भांडतात. मी म्हणतो आधी डीलर बघा. तासाभराच्या आत वर्कशॉप आहे का, पार्ट ठेवतात का, घरी येऊन ट्रॅक्टर घेऊन जायचे किती घेतात. केशरी कुबोटा, हिरवा जॉन डिअर, लाल महिंद्रा, सगळे चालतात.

आपला महिंद्राही इथे १९९४ पासून आहे आणि दिसला की छाती फुगते, पण छोटी मॉडेलं बरीच वर्षं कोरिया-जपानच्या भागीदारांकडून बनून आली, तेव्हा गावचा तोच ट्रॅक्टर समजून पार्टचा हिशोब करू नका. उलट गंमत अशी की जॉन डिअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे आणि इथे विकल्या गेलेल्या काही हिरव्या ट्रॅक्टरांचा सीरियल नंबर १पीवाय ने सुरू होतो, म्हणजे पुण्याचं पाणी. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर मला हे सापडलं तेव्हा मी फोटो काढून बाबांना पाठवला.

पैशांचं थोडक्यात. शून्य टक्के व्याज म्हणतात तेव्हा रोखीची किंमत वेगळी विचारा, बहुतेक वेळा दोन-तीन हजारांनी कमी निघते, म्हणजे व्याज किमतीत घातलेलं असतं. एका डीलरने मला हे तीनदा विचारल्यावर सांगितलं. घराचा विमा ट्रॅक्टरला लागू होतो का तेही विचारा.

जुना घेणार असाल

४००-५०० तास चाललेला म्हणजे अजून तरणाच. थंड इंजिनावरच जा, आधी फोन करून सांगा सुरू करून ठेवू नका. हायड्रॉलिकचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बॅकहोचा हात पूर्ण लांब करून टोकाला हाताने डावी-उजवीकडे हलवा, पिना झिजल्या असतील तर खडखड करतो, थोडी चालते, दोन-तीन इंच हलत असेल तर मालकाने ग्रीस मारलेलं नाही. सबफ्रेमच्या वेल्डिंगवर नवा रंग दिसला तर का ते विचारा. मग भरलेली बकेट घेऊन चढावर चालवा आणि हायड्रो कण्हतो का ऐका.

घरी आल्यावर

खणायच्या आधी ८११ ला फोन. अख्ख्या देशात हाच नंबर, फुकट आहे, काही दिवसांत माणसं येऊन खाली जिथे लाइन असेल तिथे जमिनीवर रंग मारून जातात, लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-इंटरनेट, निळा पाणी, हिरवा ड्रेनेज. पण ते फक्त कंपन्यांच्या लाइनी दाखवतात, मीटरच्या पुढची तुमची खासगी लाइन नाही. माझ्या चरात आधीच्या मालकाने शेडपर्यंत नेलेली वायर निघाली, कुठल्याही रंगाशिवाय, सुदैवाने बंद होती. तेव्हा जुन्या मालकाला एक फोन करा, सेप्टिक टँक कुठे आहे तेही विचारून घ्या.

पहिल्या दहा तासांनी लोडरचे सगळे बोल्ट परत आवळा, नवीन मशीनचे सैल होतात. बॅकहोच्या पिनांना दर दहा तासांनी ग्रीस. पहिली सर्व्हिस बहुतेक ५० तासांना, त्यात हायड्रोचा फिल्टर असतो, ती चुकवू नका, मॅन्युअलमध्ये नेमके तास दिलेत. ग्रीसगन मात्र चांगली घ्या, बॅटरीवाली, हाताच्या गनने ट्रॅक्टरखाली आडवं पडून बॅकहोचे सगळे निपल भरायचे म्हटलं की माणूस पुढच्या रविवारवर ढकलतो.